पांदण कोणी गिळली

१

सायकल चोरीला जाते, मोटारपंप जातो, पाण्याच्या टाकीचं झाकण तर चिंचधऱ्यात दर उन्हाळ्यात जातंच. पण आख्खा रस्ता चोरीला गेलेला ममता पाईकरावनं जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही एप्रिलच्या भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून ढेकळं तुडवत.

चिंचधरा म्हणजे उमरखेडहून ढाणकीकडं जाताना लागणारं गाव. परवापरवापर्यंत ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत झाली. झाली म्हणजे काय, तर गटारं तीच, डुकरं तीच, फक्त ज्याच्या त्याच्या वावरात प्लॉट उगवायला लागले. वावराचे प्लॉट पाडायचे तर लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो, आणि तो प्रस्ताव सगळ्यात आधी रचना सहायकाच्या टेबलावर येतो. ती रचना सहायक म्हणजे ममता. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं कुठल्या ना कुठल्या भिंतीवरून नाराज केलं होतं, आणि उरलेले निम्मे रांगेत होते.

सध्याचं दुखणं किसनरावांच्या लेआउटचं होतं. ढाणकी रोडला लागून त्यांचं कापसाचं वावर. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'ग्रीन व्हॅली'. तिथं ना दरी, ना हिरवं पान, पण नाव ठेवायला नगरपंचायतीची परवानगी लागत नाही. या वावराच्या कडेनं एक पांदण जायची, म्हणजे बैलगाडी जाईल एवढी शिवारातली जुनी वाट. पांदणीच्या एका बाजूला किसनराव, दुसऱ्या बाजूला खेमसिंग राठोडचं वावर, आणि पांदण संपायची ती थेट मागं इंदूबाई देवसरकरच्या वावरात. इंदूबाईच्या वावराला दुसरीकडून वाट नाही. मागं नाला, आणि नाल्यापलीकडं जंगल खात्याचे चर.

होळीच्या आधी ममता पाहणीला आली तेव्हा पांदण जागेवर होती. आज दुसऱ्या पाहणीला आली, तर पांदण नाही. बाभळी गेल्या, बोरी गेल्या, चाकोऱ्या गेल्या. सगळं सपाट करून वरून नांगरलेलं. त्या नांगरटीत मधोमध एक हिवराचं काटेरी झाड तेवढं उभं होतं.

इंदूबाई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसली होती. केळापूरला बहिणीच्या नातीचं लग्न होतं, म्हणून आठवडाभर तिकडं गेली होती आणि कालच परतली. ममताला पाहून ती उठली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाई, मिरग आला की पेरणीले मी वावरात कुठून जाऊ?"

उत्तर ठाऊक नसलं की ममता चिडायची. तशी ती चिडली.

२

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मुख्याधिकारी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल लावला. पांदण गावनकाशात आहे, पहिल्या पाहणीच्या आपल्या फोटोत आहे, जागेवर नाही. लिहा, अज्ञात इसमानं मोडली, आणि प्रकरण पाठवा तहसीलला. आपल्या टेबलावरून फाइल उठली म्हणजे झालं.

ममताला तहसील चांगलं माहीत होतं. तिथं गेलेली पांदण परत येत नाही. तारखा पडतात, मोजणी लागते, मोजणीवर अपील लागतं, आणि तोवर म्हातारीचं वावर पडीक राहून त्यात गाजरगवत माजतं. मोडणारा कोण हे नावानिशी सापडलं तरच त्याच्याकडून वाट आत्ताच्या आत्ता खुली करून घेता आली असती. तिनं साहेबांकडं सोमवारपर्यंत मुदत मागितली. साहेब म्हणाले, तुम्ही नगररचनेत आहात की पोलिसात? मुदत मात्र दिली, कारण नाही म्हटलं असतं तर ती अर्धा तास तिथंच बसली असती.

गावाचा निकाल तर आधीच लागला होता. कुंपणानंच शेत खाल्लं, किसनरावनं पांदण गिळली, असं पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो तो सांगत होता. किसनरावांनी इंदूबाईचं वावर मागच्या वर्षीच मागितलं होतं आणि म्हातारीनं चहा पाजून नाही म्हटलं होतं. मग त्यांनी पांदणीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवायचं ठरवलं, त्यावर इंदूबाईनं हरकत घेतली. आता वाटच मोडली, म्हणजे म्हातारी झक मारून वावर देणार. यात शोधायचं काय उरलं?

त्या हरकतीची सुनावणी ममताला चांगली आठवत होती, कारण तिचं डोकं तेव्हापासूनच दुखत होतं. अर्ज लिहिला होता इंदूबाईच्या पोरानं, नयननं. तो पुण्याला कंपनीत, होळीपासून घरून काम करत गावीच होता. अर्ज झकास होता, कलमं बरोबर होती. पण बोलायला उभी राहिली इंदूबाई, आणि तिला फाटकाबद्दल विचारलं तर तिनं आख्खा जन्म सांगितला. या पांदणीनं ती खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून पहिल्यांदा वावर पाहायला आली. याच पांदणीनं पहिली बैलजोडी आणली. नयनचं जावळ काढलं तेही पांदणीतच, त्या साली माहूरला जाणं झालं नाही म्हणून मामाच्या मांडीवर तिथल्या तिथंच. नवऱ्याला साप चावला तेव्हा त्याला बाजेवर घालून आणलं तेही याच वाटेनं. साहेब घड्याळ पाहत होते. ममताच्या घरी जावळाबिवळाची रीत तिच्या आजोबांनीच बंद केलेली, त्यामुळं तिनंही ते अर्ध्या कानानं ऐकलं आणि टिपणात लिहिलं, 'वहिवाट जुनी आहे.'

दुपारी खुद्द किसनराव आले. खुर्ची ओढली, बसले नाहीत.

"मॅडम, माह्या लेआउटचं नरडं कोणी दाबलं ते सांगा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं ममताला वाटलं. तिनं सरळच विचारलं की पांदण मोडून फायदा तुमचा, मग मोडली कोणी? किसनरावांनी भिंतीवर लावलेल्या स्वतःच्याच लेआउटच्या नकाशावर बोट ठेवलं. तो नकाशा ममतानंच तपासला होता, तिनंच त्यावर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"हा पोचरस्ता कुठून दाखवला हाये ते वाचा. तुमीच मांगतला होता दुसरा पोचरस्ता. आता मी तो कुठून आणू?"

३

ममताला स्वतःचाच राग आला. किसनरावांच्या वावराचं रोडवरचं तोंड अरुंद, म्हणून दुसरा पोचरस्ता दाखवल्याशिवाय लेआउट पुढं सरकणार नाही, असं तिनंच बजावलं होतं. त्यावर किसनरावांनी पांदण रुंद करून देतो असं नकाशात दाखवलं. म्हणजे पांदण गेली तर इंदूबाईची वाट गेली, पण ग्रीन व्हॅलीही गेली. फाटकाची हौस होती त्यांना, पण फाटक लावायला आधी रस्ता लागतो. एवढी साधी गोष्ट, आणि गाव सोडा, ती स्वतःही विसरली होती.

मग उरला शेजारी. दुसऱ्या दिवशी ती खेमसिंगकडं गेली, आणि पाहते तर त्याच्या घरामागं बाभळीच्या फांद्यांचा हा एवढा ढीग.

खेमसिंग बाजेवर बसून तंबाखू मळत होता. ढिगाकडं तिची नजर गेलेली त्यानं पाहिली आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं की हो, बाभळी पांदणीच्याच आहेत. तो तांड्यातल्या लोकांबरोबर पोहरादेवीला गेला होता, परत आला तर झाडं आडवी पडलेली. पडलं लाकूड कोण सोडतं? गाडी जुंपली आणि आणलं. पोहरादेवीला तो गेला होता हे सांगायला आख्खा तांडा होता, आणि चार घरी विचारल्यावर चारही घरांनी एकच सांगितलं.

ममतानं तरी विचारलंच, की जागेची हाव तुम्हाला नसेल कशावरून. खेमसिंग हसला.

"मले जागा पाहिजे असती त मी धुरा सरकवला असता, मॅडम. तिथं त धुरा बी नाही सरकला. ना माह्याकडं आली जागा, ना किसनरावकडं गेली. मोडली अन् तशीच टाकून देल्ली. अशी कोणती चोरी असते?"

तो पुढं म्हणाला की जळणासाठी त्याला झाडं तोडायची असती, तर त्यानं सगळ्यात आधी हिवर तोडला असता, कारण त्याच्या काट्यांनी त्याच्या बकऱ्यांचे कान दरसाल फाटतात. ज्यानं एवढ्या कामाच्या बाभळी पाडल्या, त्यानं तो बिनकामाचा हिवर कायला ठेवला, हे त्याला उमगत नव्हतं.

ममतालाही उमगत नव्हतं. ती स्कूटीवर बसली आणि उमरखेडच्या रस्त्याला लागली, कारण एवढं सपाटीकरण हातानं होत नाही. मशीन लागतं, आणि या भागात जेसीबी म्हटलं की उकंडा.

४

उकंडा उमरखेडच्या नाक्यावर मशीनच्या सावलीत जेवत होता. कोण्या सरकारी बाईला आपण एवढे महत्त्वाचे वाटू, हे त्याच्या ध्यानात नव्हतं, म्हणून त्यानं काहीच लपवलं नाही. फोन आला. किसनरावच्या लेआउटवर साफसफाई आहे म्हणाला. हा गेला. जागेवर एक माणूस हजर होता, त्यानं कुठून कुठवर ते दाखवलं, काम झाल्यावर ट्रॅक्टरवाल्याकडून नांगरून घेतलं आणि रोख देऊन मोकळा केला.

माणूस कसा होता? दुपट्टेवाला, उकंडा म्हणाला. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांना काळा चष्मा. ममतानं कपाळाला हात लावला. या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात उन्हात निघालेला प्रत्येक माणूस दुपट्टेवालाच असतो, ती स्वतःसुद्धा. फोन नंबर मागितला तर उकंडाचा मोबाइल गेल्याच आठवड्यात मशीनखाली येऊन चपटा झालेला. ते चपटं त्यानं अभिमानानं काढून दाखवलं.

ती उठायला लागली तेव्हा उकंडाला त्याची स्वतःची तक्रार आठवली.

"एक झाड नडलं पहा मले. हिवर. मी म्हटलं काढून टाकतो, मशीन फिरवायले जागा नाही. त त्यो आडवाच झाला. दोन्ही हात पसरून मशीनम्होरं उभा. म्हणे याले हात नाही लावाचा. दोन कामं झाली अस्ती तेवढ्या वखतात."

ममतानं विचारलं, का नाही लावायचा ते सांगितलं का. उकंडा म्हणाला, सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही, कारण गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं.

परतीच्या वाटेवर तिनं डोकं पुष्कळ खाजवलं. उंबर असता तर दत्ताचा म्हणून सोडला म्हणता आलं असतं. वड, पिंपळ, बेल, कडुनिंब, कशालाही काहीतरी कारण असतं. पण हिवर? त्याच्याखाली देव नाही, त्याच्यावर भूत नाही, त्याची सावलीसुद्धा धड पडत नाही. आणि ज्या माणसानं म्हातारीची वाट मोडताना मागंपुढं पाहिलं नाही, तो एका काटेरी झाडापुढं हात पसरून उभा राहतो. शनिवार संपत आला होता आणि अहवाल सोमवारी द्यायचा होता.

५

सोमवारी सकाळी साहेबांनी अहवाल मागायच्या आधीच शिपाई चंदाबाईनं सगळ्यांच्या टेबलावर पेढे ठेवले. नातवाचं जावळ काढून आली होती. पोरगं कसं रडलं, मामानं मांडीवर कसं दाबून धरलं, न्हाव्यानं किती मागितले, सगळं ती रंगवून सांगत होती. ममता पेढा तोंडात टाकून अहवालाचं पहिलं वाक्य लिहीत होती, 'अज्ञात इसमाने'. चंदाबाई सांगत होती की केस कणकेच्या गोळ्यात घालून आवारातल्या आंब्याखाली पुरले.

"आता त्या आंब्याले कुऱ्हाड लावता नाही येत आमाले. ज्याचं जावळ पुरलं त्यानं तं बिलकूल नाही. आविष्य कमी होते म्हंतात."

ममताचं पेन थांबलं. तिनं चंदाबाईला तेच परत सांगायला लावलं. चंदाबाईला वाटलं मॅडम थट्टा करताहेत, पण तिनं सांगितलं.

नयनचं जावळ काढलं तेही पांदणीतच. हे वाक्य ममतानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि वहिवाट म्हणून टिपून ठेवलं होतं. तिला पेढा कडू लागला. किसनरावांच्या पोरांची जावळं माहूरला निघालेली, राठोडांचं सगळं पोहरादेवीला. त्या पांदणीत जावळ पुरलेलं एकच माणूस होतं.

मग बाकीचं एकामागं एक लागत गेलं. म्हातारी केळापूरला आठवडाभर गेली, तर नयन का नाही गेला? लग्न त्याच्या मावशीच्या घरचं होतं, आणि काम तर तो कुठूनही करत होता. उकंडाला किसनरावचं नाव सांगितलं, म्हणजे बोंब किसनरावच्या नावानं व्हावी. हरकत फाटकाची, म्हणून नयननं अर्ज लिहिताना फाटकापुरतंच पाहिलं. पोचरस्ता कुठून दाखवलाय हे पाहिलं असतं, तर किसनराव पांदण मोडणार नाही हे त्याला कळलं असतं. पुण्याच्या पोराला वाटलं, बिल्डर म्हणजे रस्ता गिळणारच. आणि वाट मोडल्यावर वावर विकावं लागलं असतं, तर किमतीचा वाटेकरी कोण? म्हातारीला एकुलता एक पोरगा.

पण हे सगळं ममताच्या डोक्यात होतं. तोंडावर दुपट्टा बांधलेल्या माणसाला ओळखणारं कोणी नव्हतं. साहेबांनी दारातून विचारलं, "झाला का अहवाल?"

"झाला नाही. मशीन लागेल," ममता म्हणाली, आणि साहेब काही बोलायच्या आत तिनं दुपट्टा उचलला.

६

दुपारी पांदणीच्या जागेवर उकंडा मशीन घेऊन हजर होता. पैसे किसनराव देणार होते, कारण त्यांना रस्ता हवा होता आणि कोणाकडून होतो याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. ममतानं इंदूबाईला आणि नयनला निरोप धाडला होता की नकाशाप्रमाणं वाट पुन्हा काढतोय, जागेवर या. नयननं दुपट्टा बांधला नव्हता. आईच्या डोक्यावर छत्री धरून तो उभा होता आणि म्हणत होता, मॅडम, कशाला त्रास घेता, तहसीलला जाऊ द्या की.

ममतानं उकंडाला मोठ्यानं सांगितलं की नकाशात पांदण सरळ आहे, तेव्हा मधलं झाड आधी काढ. उकंडानं मशीन वळवलं. जेसीबीची बादली हिवराकडं गेली. इंदूबाई काही बोलायला उठली, पण तिच्या आधी नयन छत्री टाकून धावला आणि दोन्ही हात पसरून मशीनपुढं उभा राहिला.

उकंडानं मशीन बंद केलं. वरूनच तो म्हणाला, "हाच व्हय, मॅडम. अस्साच उभा राह्यला होता."

नयनचे हात खाली आले. इंदूबाईला समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण त्या झाडाखाली काय पुरलंय हे तिनंच त्याला लहानपणापासून सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं ममताच्या मनात आलं, आणि गेले चार दिवस साठलेला सगळा राग कोणावर काढावा हे तिला कळेना.

नयननं नाकारलं नाही. तो भराभरा बोलत सुटला. पुण्यात घर घ्यायचं होतं. आई इथं एकटी, उन्हातान्हात वावरात, बाबांना साप चावला तेच हे वावर. विक म्हटलं तर ती ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं. वाट बंद झाली, वर्ष दोन वर्षं गेली, की ती आपोआप थकेल आणि राजी होईल. तिचं नुकसान व्हावं असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, याचाच ममताला जास्त संताप आला.

ती इंदूबाईजवळ गेली. अहवालात नाव गेलं तर गुन्हा लागेल, नोकरीवर येईल, हे तिनं स्पष्ट सांगितलं. नाव न घालता नयनकडून वाट करून घ्यायची, तर तेही होईल, असंही ती म्हणाली. असं बोलणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं, तरी ती बोलली.

"नाव लिहा," इंदूबाई म्हणाली. "नाही लिहिलं त गाव किसनरावले खाईल. त्यानं माह्यं काही बिघडवलं नाही."

मग ती पोराकडं वळली. तिचा आवाज चढला नाही.

"तू मले विचारलं होतं का रे? एकडाव तरी? वावर किसनरावले नाही देल्लं मी, तुले देणार नाही असं कवा म्हटलं? तोंडानं मांगतलं असतं त त्याच दिवशी तुह्या नावानं करून देल्लं असतं. वीक नाही त ठेव, मी इचारलं नसतं."

"आई, मंग आता..."

"आता नाही."

तिनं पदर कमरेला खोचला आणि त्या नांगरटीतूनच, ढेकळांवर पाय रोवत, आपल्या वावराकडं चालायला लागली. नयन दोन पावलं तिच्यामागं गेला आणि थांबला, कारण तिनं मागं वळून पाहिलं नाही. उकंडानं ममताकडं पाहिलं, ममतानं हिवराच्या बाजूनं वाट काढायची खूण केली, आणि त्यानं मशीन चालू केलं.